दोन सुकामाजू

भावनाच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर सुमात्रा बेटावरच्या एका जिल्ह्याचा नकाशा लावलेला होता. जिल्ह्याचं नाव बाटांग लिमाऊ. साउथहॅम्प्टनमधल्या त्या घराचा इंडोनेशियाशी तसा काडीचाही संबंध नव्हता. पण लेक, मृणाल, एडिनबराला पीएचडी करत होती आणि दालचिनी पिकवणाऱ्या डोंगरी गावांचा अभ्यास करायला उन्हाळ्यापासून तिकडेच जाऊन राहिली होती.

भावना स्वतः नकाशे करणारी. तिची सगळी नोकरी त्यातच गेलेली. पोरगी जिथं गेली तो मुलूख तिने सॅटेलाइटच्या फोटोंवरून घरबसल्या पिंजून काढला. काळजी करायची तिची ती पद्धत होती. संध्याकाळी ऑफिसातून आली की चहाचा कप घेऊन ती लॅपटॉपसमोर बसायची, आणि शेजारी सोफ्यावर बसलेल्या सासूबाई, गयाबाई, विचारायच्या, "आज काय दिसते पोरीच्या गावात?"

मग भावना त्यांना समजावून सांगायची. "आई, आपल्या जिल्ह्याला ते कबुपातेन म्हणतात. त्याचा मुख्य तो बुपाती, म्हणजे आपला भूपतीच. कबुपातेनचे तालुके, तालुक्यात गावं. गावाला देसा म्हणतात."

"अन् टोली?"

"टोलीला दुसून. एका गावाच्या तीन-चार टोल्या असतात, त्यांना नुसते नंबर. दुसून एक, दुसून दोन."

"तेथी बी झेडपी आहे काय?" गयाबाई विचारायच्या आणि दोघी हसायच्या.

एकदा भावनाने त्यांना सांगितलं की मृणालचा तालुका दोनच वर्षांपूर्वी फुटला. आधी नुसता लिमाऊ होता, आता लिमाऊ हुलू आणि लिमाऊ हिलिर असे दोन झाले. हुलू म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला. हिलिर म्हणजे खालचा, सपाटीवरचा. गयाबाईंना त्यात काही नवल वाटलं नाही. "आमचं बी तसंच झालं ना. झोपलो तं भंडारा जिल्ह्यात, उठलो तं गोंदियात. गाव तेथीच, टपाल मात्र कितीक दिवस भंडाऱ्याले जाई."

नोव्हेंबरातल्या एका सकाळी भावना ऑफिसला निघायच्या तयारीत होती. कोट अंगात, एक बूट पायात. फोनवर बातमी आली: पश्चिम सुमात्रात अतिवृष्टी, दरडी कोसळल्या, बाटांग लिमाऊ जिल्ह्यातलं सुकामाजू गाव मातीखाली.

तिने ती ओळ वाचली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. मृणाल सुकामाजूत राहत होती.

तिने फोन लावला. रिंगच नाही. मेसेज टाकला, त्यावर एकच टिक उमटली. आदल्या दिवशी आलेला मृणालचा व्हॉइस मेसेज, इंग्लंडात वाढलेल्या पोरीच्या मोडक्या मराठीतला, तिने पुन्हा लावला. "मम्मी, इकडे खूप पाऊस पडते. मी ओके आहे. आज मी पूल क्रॉस करून दुसून तीनला राहायला जाते, इबू रुस्मीच्या घरी. पूल हलते, पण मजा येते! आजीला सांग मी भात खाते, काळजी नको." इबू म्हणजे आई; तिकडे थोरल्या बायकांना असंच म्हणतात. मेसेजच्या पाठीमागे पाण्याचा एकसारखा मोठा आवाज होता. काल तो आवाज भावनाला छान वाटला होता.

प्रबुद्ध, तिचा नवरा, हॉस्पिटलमध्ये रेडिओलॉजिस्ट होता. तिने त्याला फोन केला आणि तो अर्धी ड्युटी टाकून घरी आला. तोवर भावनाने मृणालच्या पीएचडीच्या गाइडला गाठलं होतं. डॉ. मोरा यांचं निम्मं आयुष्य इंडोनेशियात गेलेलं, भाषा त्यांना घरच्यासारखी येत होती. त्या म्हणाल्या, "मी जिल्ह्याच्या आपत्ती कार्यालयात फोन लावतेय. लाइन सोडू नका म्हणणार नाही, पण फोन जवळ ठेवा."

गयाबाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण एका पायात बूट घातलेली सून बघून त्यांना समजलं. त्या बुद्धमूर्तीसमोर जाऊन बसल्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

तासाभरात मोरांचा फोन आला. प्रबुद्धने स्पीकर लावला.

"चांगली बातमी आहे," मोरा म्हणाल्या. "आपत्ती कार्यालयातले अधिकारी हेरमान यांच्याशी बोलले. दरड कोसळली ते लिमाऊ हुलूमधलं सुकामाजू. मृणालची नोंद लिमाऊच्या तालुका कचेरीत आहे, आणि ती कचेरी हिलिरमध्ये. हिलिरमध्येही एक सुकामाजू आहे. तिथं फक्त रस्त्यावर पाणी आलंय, टॉवर बंद आहे, जीवितहानी नाही."

प्रबुद्धने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तो आईजवळ जाऊन गुडघ्यावर बसला. "आई, गाव वेगळं आहे! एकाच नावाची दोन गावं आहेत. आपली मृणाल दुसऱ्यात आहे." गयाबाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि त्यांना रडू फुटलं.

भावना मात्र जागची हलली नाही. दोन सुकामाजू आहेत हे तिला माहीत होतं. जुन्या एका पुरानंतर वरच्या गावातली काही घरं खाली सपाटीवर येऊन वसली आणि येताना गावाचं नावही घेऊन आली. तालुका फुटल्यावर त्या वस्तीला स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाला. पण वरच्या तालुक्याला अजून धड कचेरी नव्हती. वरची माणसं नोंदणीला खालच्या जुन्या कचेरीतच येत. मृणालनेच गंमत म्हणून सांगितलं होतं, की नुसत्या एका शिक्क्यासाठी अख्खा दिवस ट्रकमध्ये बसून खाली गेले.

"प्रबुद्ध," ती म्हणाली, "ती खालच्या गावात नाहीये."

"म्हणजे?"

"कचेरी खाली आहे. ती वर आहे."

"त्यांनी ऑफिशियली सांगितलंय, भावना."

"तिने पूल म्हटलंय. हलणारा पूल." भावनाने लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला. "हे खालचं गाव. नदी बघ केवढी आहे. इथं पूलच नाही, होडीतून जातात. चहूकडे पामची झाडं, सगळं सपाट. आता हे वरचं. ही बारीक रेघ दिसते? हा झुलता पूल."

प्रबुद्धने स्क्रीनकडे पाहिलं नाही. "तुला चांगली बातमी सहनच होत नाही," तो म्हणाला. "एकदा तरी... एकदा तरी मला श्वास घेऊ दे."

तिलाही तेच हवं होतं. गप्प बसावं, त्या हेरमानवर विश्वास ठेवावा, टॉवर सुरू व्हायची वाट बघावी, असं तिला आतून ओरडून वाटत होतं. थोड्या वेळाने प्रबुद्धनेच खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. "दाखव," तो म्हणाला.

तिने दाखवलं. वरच्या सुकामाजूच्या तीन टोल्या. दुसून एक आणि दुसून दोन नदीच्या अलीकडे, बाजार आणि शाळेजवळ. बातम्यांत जो चिखलाचा डोंगर दाखवत होते तो बाजारावर आला होता. जेसीबी तिथे होते, सैनिक तिथे होते. दुसून तीन नदीपलीकडे, उतारावर, दालचिनीच्या झाडांत. ती छपरं भावनाने स्वतः एकेक करून नकाशात काढली होती.

"मग तिकडे पण गेले असतील," प्रबुद्ध म्हणाला.

भावनाने नकाशावर तालुक्यांच्या हद्दी चालू केल्या. तालुका फोडताना सरकारने नदी हीच हद्द धरली होती. लाल रेघ नदीच्या मधून जात होती. अलीकडचं सगळं लिमाऊ हुलूमध्ये. पलीकडचं शेजारच्या तालुक्यात, अइर दिंगिन नावाच्या गावात. दुसून तीनची माणसं बाजाराला, शाळेला, लग्नाला सुकामाजूत येत. कागदावर ती सुकामाजूची उरली नव्हती. आणि अइर दिंगिन तर मधल्या डोंगराच्या पल्याड होतं.

तिने मोरांना फोन लावला. दोन गावं, पूल, हद्द, सगळं सांगितलं. मोरांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी हेरमानना कॉलमध्ये जोडलं आणि मग त्या दोघांचं बोलणं चालू राहिलं. भावनाला त्यातला एखाददुसरा शब्द तेवढा कळत होता. देसा. दुसून. तिगा. तिडाक. तिगा म्हणजे तीन, तिडाक म्हणजे नाही, हे तिला मृणालने शिकवलं होतं.

"ते म्हणतात," मोरा म्हणाल्या, "सुकामाजूच्या सरपंचाने गावातल्या सगळ्या माणसांचा हिशेब दिलाय. दुसून तीन त्यात येत नाही. ते अइर दिंगिनकडे आहे."

"मग अइर दिंगिनला विचारा!"

"विचारलं. तिकडून काही रिपोर्ट नाही. आणि रिपोर्ट नाही म्हणजे नुकसान नाही, असं ते धरून चाललेत."

भावना उभी राहिली. "त्यांना सांगा, रिपोर्ट द्यायला माणूस उरला असेल तर रिपोर्ट येईल ना! पूल आहे का विचारा. फक्त एवढंच विचारा. पूल उभा आहे का?"

मोरांनी विचारलं. मग हेरमान कुणाशी तरी वॉकीटॉकीवर बोलले. खरखर, पाऊस, कुणाचं तरी ओरडणं. नंतर त्यांचा आवाज खाली आला होता.

"पूल नाही," मोरा म्हणाल्या. "पूल पहाटेच वाहून गेला. पलीकडे धुकं आहे. पलीकडचं काही दिसत नाही."

गयाबाई दारात येऊन उभ्या होत्या. "पोट्टी कोठी आहे?" त्यांनी विचारलं. "खरं सांग, भावना."

"नदीपलीकडे, आई."

"अन् तेथी कोणी गेलं काय?"

"नाही."

यानंतर जे झालं त्यात भावनाला विचार करायला वेळच नव्हता, आणि ते एका अर्थी बरं झालं. हेरमान आता वेगळ्या सुरात बोलत होते. नदीकडून जाणं अशक्य. अइर दिंगिनकडून डोंगर ओलांडून जाता येईल, पण वाट कुठली? रस्ता खचलेला. वाटाड्या मिळत नव्हता. भावनाने फोटो मोठा केला. डोंगराच्या धारेवरून दालचिनीच्या बागांतून जाणारी एक पायवाट तिला पूर्वीच दिसली होती. झाडांखाली ती मधेमधे लपत होती, पण होती. धारेवर राहिलं तर दरडींच्या वर राहता येईल. तिने ती वाट आखली, वळणं टिपली आणि मोरांमार्फत हेरमानना पाठवली.

"तिथे अंधार पडायला आलाय," मोरा म्हणाल्या. "त्यांनी अइर दिंगिनहून पोरं पाठवायचं ठरवलंय. सैनिक नाहीत, गावातलेच आहेत. निघतायत."

फोन बंद झाला आणि मग भीती खऱ्या अर्थाने आली. तोवर ती भीती एका माणसासाठी होती. आता ज्यांची नावंही माहीत नाहीत अशी माणसं तिने आखलेल्या रेघेवरून, पावसात, टॉर्च घेऊन चालली होती. तो फोटो गेल्या वर्षीचा होता. वर्षभरात वाट बुजली असेल तर? धार खचली असेल तर? तिने चार वेळा तो उतार तपासला. पाचव्यांदा तपासताना प्रबुद्धने लॅपटॉप बंद केला आणि तिचा हात धरून ठेवला.

खिडकीबाहेर साउथहॅम्प्टनची दुपार नेहमीसारखी होती. शेजारचा माणूस पानं गोळा करत होता. बंदरातून निघणाऱ्या क्रूझच्या भोंग्याचा लांब आवाज आला. गयाबाईंनी वरणभाताचा कुकर लावला, कारण त्यांना हात रिकामे ठेवणं जमेना. कुणी जेवलं नाही. संध्याकाळी मोरांचा एकच मेसेज आला: टीमशी संपर्क तुटलाय, डोंगरात रेंज नाही, काळजी करू नका. शेवटचे तीन शब्द प्रबुद्धने मोठ्याने वाचले आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

रात्र कशी गेली ते त्या घरातल्या कुणालाच नंतर आठवत नव्हतं.

सकाळी उजाडायच्या सुमाराला फोन वाजला. नंबर अनोळखी, सुरुवातीला नुसतीच खरखर. भावना "हॅलो, हॅलो" करत राहिली. तिला वाटलं, हेरमान असतील. ते आधी सॉरी म्हणतील. सॉरी ऐकायच्या तयारीने तिने ओट्याची कड घट्ट धरली.

"मम्मी?"

प्रबुद्धने फोन तिच्या हातातून घेतला. "मृणाल! बाळा! तू... कशी आहेस?"

"पप्पा, माझी पाय तुटली," मृणाल म्हणाली. आवाज घोगरा, कोरडा. "पण मी आहे. कोणीतरी रात्री टॉर्च घेऊन आले. आम्ही वर मशिदीत होतो. छोटा मशीद आहे, तो नाही पडली." मग ती रडू लागली. "पप्पा, इबू रुस्मीने मला बाहेर ओढलं. मग ती आत परत गेली. तिची सासू आत होती. ती बाहेर नाही आली. कोणीच नाही आलं."

गयाबाईंनी फोन कानाला लावला. "मृणाल, मी आजी," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग दोघी नुसत्या एकमेकींचा श्वास ऐकत राहिल्या.

हळूहळू सगळं कळलं. दुसून तीनचा अर्धा उतार घरांसकट नदीत गेला होता. वाचलेली माणसं धारेवरच्या मशिदीत कोंडून बसली होती, आणि त्यांतले काही जण फार जखमी होते. आणखी एक रात्र गेली असती तर त्यांतले किती राहिले असते, ते हेरमानना सांगता आलं नाही. अइर दिंगिनची पोरं धारेवरूनच आली होती. एके ठिकाणी वाट तुटली होती, तिथं त्यांनी दोर बांधला. त्या पोरांतल्या कुणाला काही झालं नाही. हे ऐकल्यावरच भावना बसली.

हेरमान स्वतः भावनाशी बोलले, मोरा मधे होत्या. त्यांनी माफी मागितली. भावनाला त्यांचा राग यायला हवा होता, पण येईना. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की तेही झोपलेले नाहीत, आणि त्यांच्यासमोर अजून पुष्कळ गावं होती.

मृणालला जिल्ह्याच्या ठिकाणी आणलं, पायाचं ऑपरेशन झालं. प्रबुद्ध जाऊन तिला घेऊन आला. हीथ्रोवर भावना गाडी घेऊन गेली होती. व्हीलचेअरवरून येणारी पोर तिला क्षणभर ओळखू आली नाही, इतकी ती वाळली होती. मृणालने तिला घट्ट धरलं आणि सोडेचना. पाठीमागचे लोक बाजूने वाट काढत गेले.

एम-थ्री मोटरवेवर थोड्या वेळाने पाऊस सुरू झाला. साधा, इंग्लंडचा, बारीक पाऊस. मृणाल मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. टपावर थेंब वाजू लागले तशी ती एकदम उठून बसली.

"मम्मी, गाडी थांबव."

"बाळा, इथं मोटरवेवर थांबता येत नाही. पुढे सर्व्हिसेस आहे—"

"थांबव! प्लीज, थांबव!"

फ्लीटच्या सर्व्हिसेसला, मोटरवेकडेच्या थांब्यावर, भावनाने गाडी आत घेतली. मृणालने दार उघडलं आणि तुटका पाय तसाच बाहेर काढून बसली. पाऊस अंगावर येत होता तरी तिने दार लावू दिलं नाही. प्रबुद्ध चहा आणायला गेला. भावना मागे जाऊन तिच्या शेजारी बसली.

"बंद जागेत पाऊस ऐकू येते ना, तर मला वाटतं आता येणार," मृणाल म्हणाली.

"उघडंच राहू दे."

मृणाल पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघू लागली. मग म्हणाली, "मशिदीत एका काकांकडे रेडिओ होता. पूर्ण दिवस आम्ही ऐकत होतो. ते गावांची नावं वाचायचे. हे गाव गेलं, इथे मदत पोचली, त्या गावात टीम जाते. प्रत्येक वेळी सगळे चूप बसायचे. छोटे बेबीज पण." तिने ओठ पुसले. "आमचं नाव आलंच नाही, मम्मी. एकदा सुकामाजू म्हणाले तर सगळे ओरडले. मग ते म्हणाले, सुकामाजूमध्ये सगळ्या माणसांचा पत्ता लागला. सगळ्यांचा. आणि आम्ही तिथे बसलो होतो."

भावनाने तिचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता.

"तेव्हा मला भीती वाटली," मृणाल म्हणाली. "दरड आली तेव्हा टाइमच नव्हता. तेव्हा वाटली."

प्रबुद्ध तीन कप सांभाळत पावसातून येत होता. मृणालने कप घेतला, दोन्ही हातांत धरला, पण प्यायली नाही. पाऊस जोरात आला. सीट भिजली, तिची जीन्स भिजली, प्लास्टरवर घातलेली पिशवी वाजू लागली. कुणी दार लावलं नाही. तिघं तशीच बसून राहिली, आणि थेंबांचा जोर वाढला की मृणालची बोटं भावनाच्या मनगटात रुतत होती.